कॉलेजचा विकास आराखडा एकीकडे, आयटी विभाग दुसरीकडे: नाशिककरांचे अनुभव हवेत

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात मी सिस्टीम ॲडमिन आहे. आमच्याकडे सध्या संस्थात्मक विकास आराखडा तयार होतोय. यूजीसीने २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ९७ नुसार असा सर्वंकष आराखडा करणं हे महाविद्यालय विकास समितीचं कामच आहे. म्हणजे इथल्या बऱ्याच जणांकडे हे चालू असणार.

आमच्या मसुद्यातली मुख्य उद्दिष्टं अशी: स्वायत्तता मिळवायची. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून येणाऱ्या मुलींची संख्या वाढवायची आणि त्या तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतील असं बघायचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांशी जोडून घेऊन ऑन जॉब ट्रेनिंग नीट चालवायचं. मला ही सगळी मनापासून पटतात. पण अख्ख्या मसुद्यात आयटीबद्दल एकच ओळ आहे: 'स्मार्ट क्लासरूमची संख्या वाढविणे.'

स्वायत्तताच घ्या. मसुद्यात ती अभ्यासक्रमाची गोष्ट म्हणून आली आहे. अभ्यास मंडळं, नवे विषय, बाहेरचे तज्ज्ञ. पण स्वायत्त झाल्यावर परीक्षा आपली, निकाल आपला, फेरतपासणीही आपली. पेपर काढणाऱ्याकडून तो गुप्तपणे मागवणं, बैठक क्रमांक, अंतर्गत गुण, एटीकेटी, गुणपत्रिका, मग प्रत्येक मुलाच्या क्रेडिटची ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, बिनचूक नोंद. आज यातला मोठा भार विद्यापीठ उचलतं. उद्या तो ज्या डेटाबेसवर आणि ज्या माणसांवर येणार, त्यांचा आराखड्यात कुठे उल्लेख नाही. स्वायत्ततेचं पत्र हातात पडल्यावर जूनमध्ये घाईघाईने सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, तर पहिल्याच सत्राचा निकाल लांबणार आणि मुलांचे पुढचे प्रवेश अडकणार. हे टाळायचं तर तयारी दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी.

मुलींच्या बाबतीतही तेच. सुरगाण्याहून आलेल्या मुलीकडे लॅपटॉप नसतो, घरात एक फोन असतो, तोही बहुतेक वेळा भावाच्या हातात. तिला स्मार्ट क्लासरूमच्या ७५ इंची पॅनेलचा उपयोग तासापुरता. तिला लागतं ते वेगळं: फोनवर उघडणारी आणि कमी डेटा खाणारी वेबसाइट, वसतिगृहात चालणारं वायफाय, फीचा हप्ता कधी भरायचा याचा वेळेवर मेसेज, आणि महाडीबीटीवरचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज आधारवरच्या नावातल्या फरकामुळे अडकला तर तो सोडवून देणारं माणूस. त्या मुली टिकाव्यात हे उद्दिष्ट असेल तर माझ्या विभागाचं काम ते आहे, पॅनेल बसवणं नंतर.

म्हणून मी असं सुचवणार आहे. आराखड्यातल्या प्रत्येक उद्दिष्टापुढे लिहायचं: यासाठी कोणती माहिती लागेल, ती कोण सांभाळणार, कोणती यंत्रणा आणि किती माणसं लागतील, आणि हे कोणत्या वर्षी तयार हवं. उलट बाजूने, आयटीच्या अंदाजपत्रकातल्या प्रत्येक बाबीपुढे ती कोणत्या उद्दिष्टासाठी आहे ते लिहायचं. जिच्यापुढे काही लिहिता येत नाही ती थांबवायची.

तुमच्याकडे असं कोणी केलंय का? विकास समितीच्या बैठकीला आयटीचं माणूस बसतं का?

---

आयक्यूएसी_ताई

गोदाकाठी सर, विषय काढलात ते फार बरं केलंत. मी आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची समन्वयक आहे, म्हणून आमच्या बाजूने सांगते.

आजवर कॉलेजांची आयटीची खरेदी नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) ४.३ या निकषाकडे बघून झाली. संगणक किती, विद्यार्थ्यांशी त्यांचं प्रमाण काय, इंटरनेटचा वेग किती. हे आकडे सादर करायचे असल्याने खरेदी आकड्यांसाठीच व्हायला लागली. पण निकष ६ मध्ये ६.२ आहे, तिथे संस्थेचा आराखडा आणि त्याची अंमलबजावणी विचारतात, आणि त्याच जागी प्रशासन, लेखा, प्रवेश आणि परीक्षा यांतलं ई-गव्हर्नन्सही विचारतात. म्हणजे आयटी आणि आराखडा यांची सांगड नॅकनेच घातली होती. आपण मात्र ४.३ ची फाईल आयटीकडे दिली आणि ६.२ ची प्राचार्यांच्या केबिनमध्ये ठेवली.

आता जानेवारी २०२४ मध्ये नॅकने मान्यताप्राप्त किंवा अमान्य अशी दुहेरी पद्धत आणि पुढे पाच पातळ्यांची परिपक्वता श्रेणी जाहीर केली. त्यामागची दिशा स्पष्ट आहे: माहिती एकदा द्या, ती सगळीकडे तीच दिसली पाहिजे. एआयएसएचईमध्ये (उच्च शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणात) एक पटसंख्या, एनआयआरएफमध्ये (राष्ट्रीय क्रमवारीत) दुसरी आणि एक्यूएआरमध्ये (नॅकच्या वार्षिक अहवालात) तिसरी, हे यापुढे चालणार नाही. पटसंख्या जुळवायला मी दर वर्षी प्रवेश विभाग, परीक्षा विभाग आणि शिष्यवृत्तीच्या टेबलावर फिरते. तिन्ही ठिकाणची माणसं प्रामाणिक आहेत. फक्त एकाने ३० सप्टेंबरची पटसंख्या धरलेली असते, दुसऱ्याने परीक्षा फॉर्म भरलेले धरलेले असतात, तिसऱ्याने शुल्क भरलेले.

तुमच्या तक्त्यातला 'माहिती कोण सांभाळणार' हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो नीट भरा.

---

सरळमार्गी

मी असहमत. आराखडा वगैरे ठीक आहे, पण आमच्या कॉलेजात परीक्षेच्या दिवशी विद्यापीठाचा पेपर ऑनलाइन येतो आणि तो छापायला प्रिंटर चालत नाही. मुलं वर्गात बसलेली, पर्यवेक्षक दारात उभे. आयटीने आधी हे सांभाळावं. प्रिंटर, प्रोजेक्टर, वायफाय हे रोजचं ज्याला जमत नाही त्याला धोरणाच्या बैठकीत बसवून काय होणार? शिक्षकांना मोठ्या गोष्टी नकोत, वर्गात गेल्यावर प्रोजेक्टर लागला पाहिजे.

---

गोदाकाठी

सरळमार्गी, तुमचा राग योग्य आहे, आणि तुम्ही सांगता ते आधी व्हायला हवं हेही मान्य. ज्या विभागाचा प्रिंटर चालत नाही त्याचं म्हणणं कोणी ऐकणार नाही.

पण प्रिंटर का चालत नाही ते बघा. बऱ्याच कॉलेजांत भौतिकशास्त्राने एका अनुदानातून एक मॉडेल घेतलं, ग्रंथालयाने दुसऱ्यातून दुसरं, परीक्षा विभागाने देणगीतून तिसरं. प्रत्येकाचं टोनर वेगळं, ड्रायव्हर वेगळा, दुरुस्तीवाला वेगळा. खरेदीच्या वेळी आयटीला कोणी विचारलेलं नसतं, बिघडल्यावर मात्र तो आयटीचा प्रिंटर होतो. आता हा दोष प्रिंटरचा की निर्णय कोणी घ्यायचा हे न ठरल्याचा? 'कॉलेजात दोनच मॉडेल घेतली जातील आणि परीक्षा विभागात कायम एक राखीव राहील' हा नियम आयटी विभाग स्वतःहून करू शकत नाही. तो प्राचार्यांनी आणि समितीने करायचा असतो. म्हणून तर बैठकीत बसायला हवं.

रोजचं काम आणि धोरण हे वेगवेगळे मजले आहेत असं मला वाटत नाही. रोजच्या कामात दिवस जातो तो वर घेतलेल्या किंवा न घेतलेल्या निर्णयांमुळेच.

---

लेखाशाखा

संस्थेच्या लेखा विभागातून लिहितोय. आयटीची मागणी आमच्याकडे येते ती फेब्रुवारीत, एकगठ्ठा, आणि त्यात वस्तूंची यादी असते. कशासाठी हे नसतं. मग आम्ही काय करतो? सगळ्यांचं थोडं थोडं कापतो. दहा संगणक मागितले, सहा देतो. त्या सहामधून कुठलंच काम पूर्ण होत नाही.

दुसरं, वस्तू एकदा घेतली की खर्च संपला असं धरलं जातं. वार्षिक देखभाल, लायसन्सचं नूतनीकरण, यूपीएसच्या बॅटऱ्या, सॉफ्टवेअरचं दर वर्षीचं भाडं, हे पुढच्या वर्षांत कुठेच दिसत नाही. आणि या गोष्टी अचानक येत नाहीत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार हे कितीतरी आधीपासून जाहीर होतं. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही हेही माहीत होतं. गूगलने शिक्षणसंस्थांचं अमर्याद स्टोरेज बंद करून संस्थेमागे १०० टीबीची मर्यादा आणली ती २०२२ मध्ये, आणि त्याची घोषणा वर्षभर आधी झाली होती. अशा तारखा एका पानावर लिहून मला दिल्यात तर मी पाच वर्षांची तरतूद करून ठेवेन. हे आमच्याकडे कोणी मागत नाही म्हणून होत नाही.

तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: पहिल्या वर्षाचा खर्च आणि नंतर दर वर्षीचा खर्च, वेगवेगळे.

---

वाचनमात्र_नाशिक

वाचतेय. लेखाशाखा यांचा प्रतिसाद छापून आमच्या ऑफिसात लावावा असा.

---

अंबडची_कंपनी

मी अंबडला एका कारखान्यात आयटी बघतो आणि एका कॉलेजच्या विकास समितीवर उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी आहे. कलम ९७ मध्ये शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले स्थानिक सदस्य असतात, त्यातली ही जागा.

कंपन्यांत हा प्रश्न जुना आहे. हेंडरसन आणि वेंकटरामन या दोघांनी १९९३ मध्ये त्याची एक मांडणी केली, ती अजून शिकवतात. धंद्याचं धोरण, आयटीचं धोरण, धंद्याची रचना आणि आयटीची रचना अशी चार घरं. त्यांचं म्हणणं, गाठ फक्त वरच्या दोन धोरणांत बांधून भागत नाही, खालच्या रचनेशीही ती जुळावी लागते. आणि ओढ दोन्हीकडून असते: कधी धोरण आयटीला ओढतं, कधी आयटीत आलेली नवी सोय धोरणाला नवी वाट दाखवते. गोदाकाठींचा तक्ता पहिली दिशा धरतो. दुसरीसाठीही जागा ठेवा. उदाहरणार्थ, स्वयंम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची मुभा यूजीसीने २०२१ मध्ये दिली. ज्या विषयाला तुमच्याकडे प्राध्यापकच नाही तो विषय तुम्ही यामुळे देऊ शकता. हे आयटीवाल्याने किंवा ग्रंथपालाने समितीला सांगायला हवं, कारण समितीतल्या कोणाच्या ते डोळ्यासमोर नसतं.

मात्र कंपनीची पद्धत जशीच्या तशी कॉलेजात आणू नका. आमच्याकडे प्लँट हेड सांगतो आणि होतं. कॉलेजात शिक्षकाला त्याच्या विषयापुरतं स्वातंत्र्य आहे आणि ते असायलाच हवं. अमुकच सॉफ्टवेअर वापरा असा हुकूम रसायनशास्त्राला काढता येणार नाही. विद्यार्थ्याची नोंद, गुण, पैसे आणि सुरक्षा इतकं एका हाती ठेवा. बाकी मोकळं सोडा.

आणि ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल कारखान्याच्या बाजूने: तुमची मुलं आमच्याकडे येतात तेव्हा कोण कधी येणार, किती तास भरले, मार्गदर्शक कोण, हे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. एचआरमधलं माणूस बदललं की सगळं गेलं. एक साधा सामायिक नोंदतक्ता कॉलेजने ठेवला तर पुढच्या वर्षी आम्ही जास्त मुलं घेऊ.

---

नवी_प्राध्यापिका

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. माझा अनुभव असा की आयटीकडे काहीही मागितलं की 'परवानगी नाही' किंवा 'लेखी द्या'. मग आम्ही आमचे मार्ग काढतो. स्वतःच्या जीमेलवर फॉर्म बनवतो, हजेरी स्वतःच्या शीटमध्ये, असाइनमेंट टेलिग्रामवर. मुलांना ते सोपं जातं. हे चुकीचं आहे असं म्हणणार असाल तर सोयीचं दुसरं काय देताय तेही सांगा.

---

गोदाकाठी

ताई, तुम्ही चुकीचं करता असं मी म्हणणार नाही. तुम्ही वर्ग चालू ठेवलात. ज्या गोष्टी शिक्षक स्वतःच्या खात्यावर करतात ती यादी माझ्या मते आयटी विभागासाठी सगळ्यात खरी मागणी आहे, कारण त्यांची गरज रोजच्या वर्गात ठरलेली आहे. प्रत्येक विभागात जाऊन अशी यादी करावी आणि तीच आराखड्याला जोडावी.

काळजी मला दुसऱ्या गोष्टीची वाटते. सीएचबीचा करार संपला की मुलांचे गुण, फोन नंबर, जातीचा उल्लेख असलेले फॉर्म तुमच्या वैयक्तिक खात्यात राहतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याखाली अशा माहितीची जबाबदारी संस्थेवर आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याचं कलमही त्यात आहे. ज्यांच्याकडे अकरावी-बारावी आहे त्यांनी हे विशेष बघावं. म्हणून नियुक्तीच्या पहिल्या दिवशी सीएचबी शिक्षकाला कॉलेजचा मेल मिळाला पाहिजे. आज अनेक ठिकाणी तो मिळेपर्यंत अर्धं सत्र जातं.

---

सुरगाणा_सायन्स

वर सुरगाण्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचं कॉलेज लहान. पावसाळ्यात वीज जाते, टॉवर बंद पडतो, मग दिवसभर रेंज नाही. अशा वेळी 'सगळं क्लाउडवर' ही योजना नाशिकमध्ये बसून बरी वाटते, आमच्याकडे ती ठप्प होते. आमचं धोरण असं हवं की इंटरनेट नसतानाही प्रवेश घेता आला पाहिजे, पावती देता आली पाहिजे, आणि लाइन आली की नोंदी वर गेल्या पाहिजेत. संस्थेच्या मुख्य कार्यालयाने एकच ईआरपी (प्रवेश, फी, परीक्षा असं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सगळ्या शाखांवर लादलं तेव्हा हा विचार झाला नव्हता. आम्ही अजून वहीत लिहितो आणि रात्री घरी जाऊन भरतो.

आयटी विभाग म्हणाल तर एक प्रयोगशाळा सहायक. तोच संगणक बघतो, तोच शिष्यवृत्तीचे अर्ज बघतो. त्याच्याकडून आराखडा कसला मागायचा? आधी त्याला एक मदतनीस द्या.

गोदाकाठींनी मुलींबद्दल लिहिलं ते अगदी खरं. एक भर घालतो. आमच्याकडून नाशिकला गेलेली मुलगी पहिल्या सत्रात गळते तेव्हा ती कोणाला सांगत नाही. हजेरी कमी होते, हप्ता चुकतो, ग्रंथालयात येणं थांबतं. या तिन्ही नोंदी तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या संगणकांवर असतात. त्या एकत्र बघणारं कोणी असेल तर कॉलेजमधून फोन जाईल आणि मुलगी परत येईल.

---

गोदाकाठी

दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी मसुद्यात जसाच्या तसा मांडणार आहे. 'गळती कमी करणे' हे वाक्य प्रत्येक आराखड्यात असतं. हजेरी, फी आणि ग्रंथालय यांच्या नोंदी एका क्रमांकावर जोडल्या तर ते वाक्य कामाला लागेल. आणि यासाठी महागडं काही लागत नाही. ग्रंथालय कोहा किंवा सोल या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर असेल तर नोंद निघते, फीची निघते, हजेरीची तेवढी शिस्त लावावी लागेल. मात्र ही यादी मेंटॉर शिक्षकिणीच्याच हातात जावी, नोटीस बोर्डवर लागू नये, हेही त्याच ठरावात लिहायला हवं.

---

माजी_विद्यार्थिनी

मला डोळ्यांनी कमी दिसतं, मी फोनवर स्क्रीन रीडर वापरते. कॉलेजच्या वेबसाइटवरच्या सूचना म्हणजे सहीशिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ. स्क्रीन रीडर त्यातलं काहीही वाचत नाही. परीक्षेच्या अर्जाची तारीख मला मैत्रिणीला विचारावी लागायची. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, 'सर्वसमावेशक शिक्षण' प्रत्येक कॉलेजच्या ध्येयवाक्यात असतं. सूचना युनिकोड मराठीत टाइप करून टाकायला एक रुपयाही लागत नाही. सहीचा कागद फाईलला लावा, वेबसाइटवर मजकूर टाका. हे तुमच्या यादीत पहिलं लिहाल का?

---

आयक्यूएसी_ताई

लिहायलाच हवं. आमच्याकडे सोमवारपासून सुरू करते. यासाठी कोणत्याही समितीची वाट बघायची गरज नाही.

---

प्राचार्य_एक

दोन दिवस वाचतोय, आता लिहितो. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजचा प्राचार्य आहे.

आयटीचं माणूस बैठकीत का नसतं? कायद्यातच समितीची रचना ठरलेली आहे आणि त्यात आयटीची जागा नाही. पण वाटा आहेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी असतो, तो आयटीचा असू शकतो. विभागप्रमुखांतून प्राचार्य एक नाव देतो, तिथे संगणकशास्त्राचे प्रमुख येऊ शकतात. आणि विषयापुरतं निमंत्रित म्हणून बोलवायला कोणी अडवत नाही. समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हायच्या असतात. त्यातल्या एका बैठकीत आयटी आणि माहिती हाच विषय ठेवायचा असं मी या धाग्यामुळे ठरवलंय.

खरी अडचण माणसांची आहे. अनुदानित आकृतिबंधात (मंजूर पदांच्या रचनेत) सिस्टीम ॲडमिनचं पद सहज मिळत नाही. संस्था स्वतःच्या पैशातून कंत्राटी मुलगा ठेवते. तो हुशार निघाला की पुण्याला जातो. त्याच्याबरोबर पासवर्ड जातात, डोमेन कोणाच्या नावावर आहे हे जातं, बॅकअप कुठे आहे हे जातं. आराखडा पाच वर्षांचा आणि माणूस वर्षभराचा. यावर तुमच्यापैकी कोणाकडे उपाय असेल तर तो मला हवा आहे. मी ठेवलेला मुलगा मनापासून काम करतो, पण त्याला इथे वाढीची काय वाट दाखवायची हे माझ्याकडे नाही.

---

निवृत्त_कक्षाधिकारी

प्राचार्य साहेबांच्या प्रश्नावर दोन शब्द. मी विद्यापीठाच्या प्रशासनात आयुष्य काढलं. नाशिकला एक सोय आहे ती आपण वापरत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून. दोन्ही राज्यभर पसरलेल्या विद्यार्थ्यांचे प्रवेश, परीक्षा आणि निकाल नाशिकमधून चालवतात. हे काम जाणणारी, काही निवृत्त झालेली माणसं गंगापूर रोड आणि इंदिरानगरला राहतात. स्वायत्ततेकडे जाणाऱ्या कॉलेजांनी परीक्षा यंत्रणा उभी करताना त्यांना बोलवावं. सॉफ्टवेअर विकणारा त्याचं सॉफ्टवेअर काय करतं ते सांगेल. निकालाच्या आदल्या रात्री काय अडतं ते ही माणसं सांगतील.

कंत्राटी मुलाबद्दल: चार-पाच छोट्या कॉलेजांनी मिळून एक अनुभवी माणूस चांगल्या पगारावर ठेवावा. संस्था एक असेल तर फार सोपं, वेगळ्या असतील तर करार करावा. आणि डोमेन, होस्टिंग, गूगलचं मुख्य खातं हे प्राचार्य पदाच्या मेलवर असावं, कोणा व्यक्तीच्या नव्हे. पासवर्ड बंद पाकिटात, परीक्षेच्या गोपनीय कागदांसारखे कपाटात.

---

सायबर_पंचवटी

त्या पाकिटाला जोडून. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. कॉलेजच्या वेबसाइटवर रविवारी रात्री कोणी काही उद्योग केले तर ६ तासांत कोण कळवणार, हे नाव आज किती जणांकडे ठरलेलं आहे? आराखड्यात 'सुरक्षा' असा मोघम शब्द नको. नाव, फोन आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरं नाव, इतकं हवं.

आणि सिंहस्थ. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये पर्वण्या आहेत. पंचवटी, रामकुंड, त्र्यंबक रस्ता, सगळीकडे वाहतूक बंद असणार, मोबाइलच्या टॉवरवर प्रचंड भार येणार. ते पहिल्या सत्राचे दिवस, प्रवेश नुकतेच झालेले. काही दिवस वर्ग घरून घ्यावे लागतील हे आतापासून दिसतंय. रेकॉर्ड केलेले तास, आधी डाउनलोड करून ठेवता येईल असं साहित्य, वर्ग न बुडता अंतर्गत मूल्यमापन, याची तयारी २०२६-२७ च्या शैक्षणिक वर्षात करावी लागेल. नाशिकमधल्या कुठल्याही कॉलेजच्या आराखड्यात हे पान असायला हवं.

---

सरळमार्गी

कुंभाचा मुद्दा पटला. आमच्या कॉलेजात याबद्दल कोणी बोललेलं ऐकलं नाही. प्रिंटरवरचं माझं म्हणणं कायम आहे, पण दोनच मॉडेल ठेवण्याची सूचना मी आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये मांडतो.

---

वणीची

आमच्याकडे आयटी विभागच नाही, संगणकाचे दोन शिक्षक आहेत. एवढं सगळं झेपणार नाही. सुरुवात कुठून करू?

---

गोदाकाठी

वणीची ताई, लहान कॉलेजात मी सुरुवात विद्यार्थ्याच्या नोंदीपासून करेन. प्रवेशाच्या वेळी नाव आधारप्रमाणे आणि दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे पडताळून एकदाच नीट भरायचं. फरक असेल तर तिथेच, पालक समोर असताना, दुरुस्तीचा अर्ज द्यायला सांगायचं. पुढे विद्यापीठाची पात्रता, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), महाडीबीटी, अपार (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) आणि क्रेडिट बँक, सगळीकडे हेच नाव जातं. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती अडकलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हे जुलैत जमलं तर वर्षभरातली निम्मी धावपळ वाचेल आणि ते दोन शिक्षक दुसरं काही करायला मोकळे होतील. त्यानंतर माजी_विद्यार्थिनी यांनी सांगितलेल्या सूचना. बाकी पुढच्या वर्षी.

सगळ्यांच्या सूचना घेऊन समितीपुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा केलाय:

'विकास आराखड्यातील प्रत्येक उद्दिष्टासाठी लागणारी माहिती, ती सांभाळणारा विभाग, यंत्रणा, मनुष्यबळ, तयारीचे वर्ष, पहिल्या वर्षाचा व नंतरचा वार्षिक खर्च यांचा तक्ता आयटी विभाग व आयक्यूएसी यांनी संयुक्तपणे तयार करावा. संगणक, प्रिंटर व सॉफ्टवेअरची कोणतीही खरेदी या तक्त्याशी पडताळून व आयटी विभागाच्या लेखी अभिप्रायानंतरच करावी, मग निधी कोणत्याही अनुदानातून वा देणगीतून येवो. सिंहस्थ २०२७ काळातील अध्यापन व परीक्षांची योजना स्वतंत्र जोडावी. समितीच्या किमान एका बैठकीत आयटी विभागप्रमुखास निमंत्रित करावे.'

काही राहिलं असेल तर सांगा.

---

लेखाशाखा

तक्ता कधीपर्यंत द्यायचा ते ठरावात नाही. '३१ डिसेंबरपर्यंत' असं घाला. जानेवारीत माझ्या हातात आला तर अंदाजपत्रकात बसेल, फेब्रुवारीत आला तर पुन्हा कापाकापी.

---

गोदाकाठी

घातलं. सोमवारी प्राचार्यांकडे देतोय.